खोब्रागडे मॅडमच्या पताका

“हे काय करून ठेवलं तू बाप्पा?”

प्रमिला खोब्रागडे मॅडम माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून संगणकाच्या पडद्याकडे बघत होत्या. पडद्यावर दोन हजार तीनशे सोळा चौकटी होत्या. एकेक चौकट म्हणजे एकेक नियम. त्यांच्यातून निघालेले बाण एकमेकांत असे गुरफटले होते, की कुठला बाण कुठे जातो हे मलाही सांगता आलं नसतं, आणि ते काढले होते मीच.

“मॉडेल आहे मॅडम,” मी म्हणाले. “वसतिगृहाच्या प्रवेशाचे सगळे नियम.”

“सगळे नियम तर माझ्या कपाटात आहेत. हे जाळं कशाचं आहे?”

सोमवारची सकाळ होती, खिडकीतला कूलर घरघरत होता आणि चंद्रपूरच्या एप्रिलचं ऊन अकरा वाजताच डोळ्यांत खुपत होतं. याला आता बारा वर्षं झाली, पण त्या दिवशीचा तो पडदा मला अजून आठवतो.

मी मूळची साताऱ्याची, रेवती बर्गे. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागून मला आठच महिने झाले होते. चंद्रपूरच्या एका विद्यार्थिनी वसतिगृह मंडळाची एकवीस वसतिगृहं होती आणि कुणाला प्रवेश द्यायचा, कुणाला नाही, याचे नियम तीस-पस्तीस वर्षांच्या परिपत्रकांत विखुरले होते. ते नियम एका सॉफ्टवेअरमध्ये चौकटी आणि बाण करून मांडायचे, म्हणजे अर्ज आत टाकला की मशीन निर्णय सांगेल, असं ते काम. कंपनीनं मला एकटीला पाठवलं, आणि मीही मोठ्या तोऱ्यात आले होते.

तीन महिन्यांत मी चौकटींचा ढीग रचला. शनिवारी मागच्या वर्षीचे चाळीस अर्ज चालवून पाहिले. अकरा चुकले. का चुकले ते शोधायला बसले, तर एका चुकीमागून मला माझ्याच जंगलातून बाहेर येता येईना.

रविवारी पुण्याहून माझ्या साहेबांचा, आशुतोष सरांचा फोन आला. “शुक्रवारी मंडळासमोर चाचणी. दोनशे जुने अर्ज, सचिव स्वतः निवडणार. पाच चुकांपर्यंत त्यांना चालेल. सहावी झाली तर काम जाईल, आणि मग तुला ठेवून घ्यायला माझ्याकडे कारण उरणार नाही. स्पष्ट सांगतोय.”

नोकरी गेली असती तर साताऱ्याला परत जावं लागलं असतं, आणि तिथे वडील स्थळांची यादी घेऊन तयारच होते. “आधी नोकरी, मग लग्नाचं बघू,” असं ठणकावून मी घराबाहेर पडले होते. आता कुठल्या तोंडानं परतणार?

आणि खोब्रागडे मॅडम? त्या मंडळाच्या कार्यालय अधीक्षक. निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, गुडघे दुखत असल्यानं चाल हळू, आणि बोलणं चालीहून हळू. माझ्या लेखी त्या परिपत्रकांचे गठ्ठे काढून देणाऱ्या बाई होत्या, बस. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही वाईट शेरा नाही, असं ऑफिसातले लोक कौतुकानं सांगत. मी मनात म्हणायची, काही केलंच नाही तर शेरा येईल कशाला?

“मला अंतराचा नियम दाखव,” मॅडम म्हणाल्या आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

अंतराचा नियम साधा होता. वसतिगृहापासून पंचवीस किलोमीटरच्या आत घर असलेल्या मुलीला प्रवेश नाही, तिनं रोज येऊन-जाऊन शिकावं. मी शब्द टाकून शोधलं. पडद्यावर सात चौकटी उजळल्या.

“सात काहून? नियम तर एकच आहे.”

“लागतो सात ठिकाणी ना मॅडम. नव्या प्रवेशाला लागतो, जुन्या मुलीच्या नूतनीकरणाला लागतो, प्रतीक्षा यादीला लागतो. म्हणून प्रत्येक फोल्डरमध्ये एकेक प्रत ठेवली.”

“उघड बरं सातही.”

मी एकेक उघडली. मागच्या जुलैत, प्रवेश चालू असतानाच, त्या नियमाला दुरुस्ती झाली होती. गावातून निघणारी पहिली बस सकाळी आठनंतरची असेल, तर मुलीला अंतराची अट लावायची नाही. सातांपैकी चार प्रतींत ही दुरुस्ती होती. उरलेल्या तिन्हींत नव्हती. त्या तीन प्रती माझ्या नजरेतून सुटल्या होत्या.

मॅडम हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या. “भैताडच आहेस! एका पोरीला सात आया करून ठेवल्या. चारजणी हो म्हणतात, तिघी नाही म्हणतात. मग पोरगी रडंल नाही तर काय करंल?”

मला राग आला. तो चेहऱ्यावर दिसलाही असावा, कारण मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “रुसू नको. चल, माझं कपाट दाखवतो तुला.”

कपाट म्हणजे भिंतभर लोखंडी फडताळ. त्यात लाल कापडात बांधलेले एकतीस गठ्ठे आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या कडेनं बाहेर डोकावणाऱ्या कागदाच्या चिंचोळ्या पट्ट्या. सरकारी ऑफिसात त्यांना पताका म्हणतात. मजकुरात लिहायचं ‘पताका क पाहावी’, आणि क लिहिलेली पट्टी ज्या कागदावर डकवली असेल, तो कागद उघडायचा. तीन महिने त्या पट्ट्या माझ्या हाताखालून गेल्या होत्या. गठ्ठे सोडताना मी त्या अडचण म्हणून बाजूला सारायची.

“काहीही विचार,” मॅडम म्हणाल्या.

मी मुद्दाम आडवं विचारलं. “जिची आई दुसऱ्या जिल्ह्यात मजुरीला आहे आणि जी स्वतः आजीकडे राहते, अशी मुलगी.”

मॅडमनी चौथा गठ्ठा काढला, एक पताका धरली आणि कागद उघडला. खाली लिहिलं होतं, ‘गठ्ठा अकरा, पताका फ’. अकराव्या गठ्ठ्यातून तो कागदही निघाला. मिनिटभरात तीन कागद माझ्यासमोर. मी आणखी चार प्रश्न विचारले, प्रत्येक आधीच्यापेक्षा खवचट. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. नऊशे चौदा नियम होते त्या फडताळात, आणि माझ्याकडे तेच दोन हजार तीनशे सोळा झाले होते.

“हे सगळं पाठ आहे तुम्हाला?”

“काही पाठ नाही. पाठ केलं की माणूस चुकते. कागद एकच ठेवायचा, त्याच्या जागेवर. जिथं जिथं लागंल तिथं त्याची पताका लावायची. दुरुस्ती आली की त्या एका कागदावर करायची. पताका काही बदलाव्या लागत नाहीत.”

मी तिथेच फडताळाला टेकून उभी राहिले. कारण माझ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय होती. नियमाची चौकट एका फोल्डरमध्ये एकदाच ठेवायची आणि हव्या तितक्या आकृत्यांत ती नुसती दाखवायची. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण प्रत काढून चिकटवणं पटकन व्हायचं, म्हणून मी तीन महिने तेच करत सुटले होते. माझा सगळा तोरा त्या लाल कापडाच्या गठ्ठ्यांसमोर उतरला, आणि मला अगदी खरोखरची लाज वाटली.

“मॅडम, मला चार दिवस मदत कराल?”

“मी तर तीन महिन्यांपासून इथंच बसून आहे बाई,” त्या म्हणाल्या. “तूच विचारून नाही राहिली.”

मग सुरू झालं काम. मी प्रती पुसत गेले आणि मॅडम मूळ कागद समोर धरून प्रत्येक नियम तपासत गेल्या. माझे फोल्डर परिपत्रकांच्या वर्षांप्रमाणे होते. ते त्यांनी पहिल्याच तासाला मोडीत काढले.

“मुलगी माझ्या अर्जाच्या खिडकीशी येऊन म्हणते का, मॅडम, माझी दोन हजार चारची अडचण आहे?”

“मग कसे ठेवू?”

“मी खिडकीत काय विचारतो ते लिही. तू कोण? कुठली? काय शिकतेस? घरी कोण आहे? आधी कुठं राहिलीस? हे पाच प्रश्न. यांच्या बाहेरचा एकही नियम या मंडळात नाही.”

मला खरं वाटेना. पण मंगळवार संध्याकाळपर्यंत निम्मे नियम त्या पाच फोल्डरांत बसले होते. एकही उरला नव्हता.

मी एका आकृतीत चाळीस चौकटी मांडल्या, तर मॅडमनी हात आडवा केला. “माझ्या टेबलावर जेवढं मावत नाही, तेवढं मी काढतच नाही.” मग एका आकृतीत डझनभराच्या वर चौकटी नाहीत, असं ठरलं. प्रत्येक नियमाच्या नावात पहिला शब्द त्याच्या विषयाचा. आणि प्रत्येक चौकटीच्या ‘आधार’ या रकान्यात त्या नियमाचं परिपत्रक, क्रमांक आणि तारखेसह. हा रकाना मी सरसकट कोरा सोडला होता.

बुधवारी अशा बावीस चौकटी निघाल्या, ज्यांना कागदच नव्हता. कुणी वॉर्डन बोलली म्हणून, कुणी लिपिक म्हणाला म्हणून मी घातलेल्या.

“काढून टाक,” मॅडम म्हणाल्या.

“पण सगळे असंच करतात म्हणे.”

“कागद दाखव, मग ठेव. ऐकीव गोष्टीवर कुणाच्या पोरीला परत पाठवायचं नाही.”

त्या आवाजात एवढी धार होती की मी मुकाट्यानं पुसल्या. गुरुवारी दुपारी शेवटची चौकट जागेवर बसली तेव्हा खाली आकडा आला, नऊशे चौदा. मी शनिवारचे चाळीस अर्ज पुन्हा चालवले. चाळीसच्या चाळीस बरोबर. मी उठून मॅडमना मिठीच मारली, आणि त्या “अगं, गुडघा, गुडघा!” करून ओरडल्या.

शुक्रवारी मंडळाचे सचिव देवतळे साहेब दोनशे अर्जांचा गठ्ठा घेऊन आले. दोन सदस्य होते. आशुतोष सर सकाळीच पोचले होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. एकेक अर्ज आत जात होता, मशीनचा निर्णय आणि मागच्या वर्षीचा खरा निर्णय शेजारी शेजारी येत होते. शंभर झाले, एकही चूक नाही. मग एकशे बाराव्याला फरक आला. मशीन म्हणालं प्रवेश, मागच्या वर्षी नकार होता. एकशे चाळीसला तसंच. एकशे एक्क्याऐंशीला तसंच. पुढचे एकोणीस अर्ज मी श्वास धरून टाकले.

दोनशे. तीन चुका.

“पास!” देवतळे साहेब हसून म्हणाले. “पाच चालणार होत्या, तीनच झाल्या. अभिनंदन मिस बर्गे.” आशुतोष सरांनी माझ्याशी हात मिळवला. कुणीतरी चहा सांगितला. नोकरी वाचली, नोकरी वाचली, एवढंच माझ्या डोक्यात वाजत होतं.

“त्या तिघी कोण आहेत?” खोब्रागडे मॅडमनी विचारलं.

“जाऊ द्या हो मॅडम, चहा घ्या.”

“नावं सांग रेवती.”

मी वाचली. “करिश्मा आत्राम. दुर्गा सिडाम. वैष्णवी पेंदोर.”

“मशीन प्रवेश काहून म्हणते? आधार उघड.”

मी आकृती उघडली. तिघींना एकच चौकट लागली होती, अंतराची. आधाराच्या रकान्यात मागच्या जुलैचं परिपत्रक. तिघींची गावं पंचवीस किलोमीटरच्या आतली, आणि तिघींच्या गावातून पहिली बस दहाची.

मॅडम हळूहळू चालत आपल्या खिडकीपाशी गेल्या. तिथल्या टेबलावर काच होती. काचेखाली कॅलेंडर, फोन नंबरांची यादी आणि एक पिवळी पडलेली झेरॉक्स. त्यांनी काच उचलली, ती झेरॉक्स काढली आणि आणून देवतळे साहेबांसमोर ठेवली.

अंतराचा नियम होता तो. दुरुस्तीच्या आधीचा.

“दोन वर्षांआधी गुडघा लय दुखत होता,” मॅडम म्हणाल्या. “दर मुलीमागं उठून कपाटापाशी जाववत नव्हतं. म्हणून या एका नियमाची प्रत काढून काचेखाली ठेवली. मागच्या जुलैत दुरुस्ती आली, ती मी त्याच दिवशी मूळ कागदावर चढवली. हिच्यावर नाही चढवली. या तीन पोरी मी परत पाठवल्या. सही माझी आहे.”

सोमवारी माझ्या सात प्रतींना हसलेल्या त्याच या बाई, आणि त्यांची स्वतःची एक प्रत त्यांच्याच टेबलाच्या काचेखाली पडून होती. त्यांच्या मनात तेव्हा काय चाललं असेल, याची मला कल्पनाही करवेना.

देवतळे साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मॅडम, तुम्ही बसा. पाच चालतात, असं आपलं ठरलंय. तीनच आहेत.”

“पाच मशीनच्या चालतात साहेब. या माझ्या आहेत.”

“अहो, चौदा महिने राहिले तुमचे. कागदावर आणलं तर मला विचारणा करावी लागेल. एकतीस वर्षांत डाग नाही तुमच्यावर.”

“म्हणूनच लिहून घ्या म्हणतो,” मॅडम म्हणाल्या. “नाही तर त्या पोरींच्या कागदावर तर डाग राहीलच ना. अपात्र म्हणून.”

साहेबांनी लिहून घेतलं. काय करतील? त्यांच्यापुढचा चहा तसाच गार झाला.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याला परतणार होते, पण थांबले. मॅडमच्या हट्टामुळे आम्ही मागच्या वर्षीचे सगळेच्या सगळे अर्ज मशीनमधून काढले. आणखी एक मुलगी निघाली. चौघी झाल्या. मॅडमनी एकेकीच्या गावी निरोप धाडले, ग्रामपंचायतींना फोन लावले. दोघी दुसरीकडे शिकत होत्या. दुर्गाचं लग्न झालं होतं. ते ऐकल्यावर मॅडमनी फोन ठेवला आणि दुपारचा डबा उघडलाच नाही. करिश्मा आत्राम मात्र घरीच होती. कॉलेज सोडून शेतावर जात होती.

मे महिन्याच्या बैठकीत मॅडमनी एक नवा नियम मंजूर करून घेतला. मंडळाच्या चुकीनं नाकारलेल्या मुलीला पुढच्या वर्षी सर्वांत आधी जागा, तिला पुन्हा काही न विचारता. त्याच बैठकीत त्यांना लेखी समज मिळाली. एकतीस वर्षांतला पहिला शेरा. ते पत्रही त्यांनी अंतराच्या गठ्ठ्यात व्यवस्थित लावलं आणि त्याला पताका डकवली.

मी मॉडेलमध्ये नऊशे पंधरावी चौकट काढली. “आधार काय लिहू मॅडम? परिपत्रकाला अजून क्रमांक पडला नाही.”

“माझं नाव लिही.”

“नाव?”

“कागद लागते ना प्रत्येक नियमाला? याचा कागद मीच आहे.”

मी लिहिलं, प्र. ल. खोब्रागडे. पुढे परिपत्रकाला क्रमांक पडला तेव्हा मी फोन करून विचारलं, बदलू का? त्या म्हणाल्या, क्रमांक पुढं लिही, नाव राहू दे. त्यानंतर मी बँकांची, दवाखान्यांची, कारखान्यांची मॉडेलं केली, हजारो चौकटी मांडल्या, आणि शेकडो मुलामुलींना त्या कशा मांडायच्या ते शिकवलं. आधाराच्या रकान्यात माणसाचं नाव लिहिलेली दुसरी चौकट मला कुठे भेटली नाही.

जूनमध्ये यंत्रणा सुरू झाली त्या दिवशी मी चंद्रपुरात होते. सकाळी साडेअकराला एक सावळी, काटक मुलगी पत्र्याची पेटी घेऊन खिडकीशी आली. हातात कॅरीबॅग, आत दाखल्यांचा जुडगा. मागे तिचे वडील टोपी हातात धरून उभे. मुलीनं कॅरीबॅग उघडली आणि घाईघाईनं बोलायला लागली.

“मॅडम, मी करिश्मा आत्राम. मागच्या वर्षी आली होती. घर तेवीस किलोमीटरवरच आहे, पण बस अजून बी दहालाच येते. सरपंचाचं पत्र आणलं आहे. चालते का?”

खोब्रागडे मॅडम खुर्चीतून उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून पूर्ण उभ्या राहिल्या.

“ठेव ते कागद बेटा,” त्या म्हणाल्या. “चालते. मागच्या वर्षीही चालत होतं. चूक माझी होती. तुझं वर्ष माझ्यामुळं गेलं.”

मुलगी गोंधळली. तिनं वडिलांकडे पाहिलं, मग मॅडमकडे.

मॅडमनी प्रवेशाचं रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं आणि पेनाचं टोपण काढून पेन तिच्या हातात दिला. पाचांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. करिश्मा सही करायला वाकली, तेव्हा तिच्या हाताखालची टेबलाची काच मला दिसली. काचेखाली एकही कागद नव्हता.